आमच्या टॅक्सच्या पैशातून

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य अधूनमधून उगवतं: ‘आमच्या टॅक्सच्या पैशातून.’ लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये खात्यात पडल्याची बातमी आली की उगवतं. कर्जमाफीचा विषय निघाला की उगवतं. २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा तर आठवडाभर दुसरं काही नव्हतं. लिहिणारे बहुतेक पगारदार, काही निवृत्त. दरवर्षी फॉर्म १६ फायलीला लावणारी मंडळी, म्हणजे माझीच मंडळी. आपण करदाते आणि बाकीचे लाभार्थी, अशी जगाची सरळ वाटणी त्यांनी करून टाकली आहे.

मागच्या खेपेला हे वाक्य आलं तेव्हा कामाच्या मावशी भांडी घासत होत्या. मी वैतागून ते मोठ्यानं वाचलं. मावशींना त्यात वैतागण्यासारखं काही दिसलं नाही. “खरंच आहे की ताई. आम्ही कुठं टॅक्स भरतो?” असं म्हणत त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. रिचार्ज संपत आल्याचा मेसेज होता. तेवढा मारून देता का, म्हणून. २९९ रुपये.

त्या २९९ रुपयांत ४५ रुपये ६१ पैसे जीएसटी आहे. मावशींना ते माहीत नाही, कारण तो आकडा त्यांना कुणी दाखवलेलाच नाही. ग्रुपवरच्या मंडळींनाही तो दिसत नाही, म्हणून तर त्यांचं वाक्य इतक्या ठामपणे येतं. खरेदीवरचा कर किमतीत मिसळलेलाच राहू द्यावा, पण तो रुपयांत किती हे प्रत्येक पुड्यावर आणि प्रत्येक पावतीवर छापणं सक्तीचं करावं, असं माझं मत आहे. व्यापारातल्या एका मित्राला हे ऐकवलं तर तो म्हणाला, “छापून करणार काय?” त्याला तोंडी उत्तर जमलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी हिशोब, कारण तोच बहुतेकांचा चुकतो. जीएसटी १८ टक्के म्हटलं की लोक छापील किमतीचे १८ टक्के काढतात. ११८ रुपयांच्या वस्तूवर २१ रुपये २४ पैसे. चूक. कर लागतो मूळ किमतीवर, आणि छापील किमतीत तो आधीच धरलेला असतो. १०० च्या मालावर १८ चढून ११८ झाले, तेव्हा ११८ मधला कर १८ च. कुठलीही रक्कम घ्या, १८ नं गुणा, ११८ नं भागा. जीएसटीच्या नियमांतला ३५ वा नियम हेच सांगतो, फक्त भाषा वकिली. ५ टक्क्यांचं तर याहून सोपं आहे: छापील किमतीला २१ नं भागा, झालं. पाच भागिले एकशे पाच म्हणजे एक एकविसांश. दूर्वांची जुडी आणि मोदकांचं ताट ठाऊक असलेल्या माणसाला हा आकडा विसरायची भीती नाही. सोन्यावर ३ टक्के असतात, पण तिथे गुणाकार-भागाकाराची वेळ येत नाही. सोनाराच्या पावतीवर कर वेगळा मांडलेलाच असतो. म्हणजे लाखभराची बांगडी घेणाऱ्याला आपला कर पैशापर्यंत दिसतो आणि शाम्पूची पुडी घेणारीला दिसत नाही.

याला कायद्याचाही हातभार आहे. २०० रुपयांच्या आतली खरेदी असेल आणि सामान्य गिऱ्हाइकानं मागितलं नाही, तर दुकानदारानं बिल न देण्याची मुभा आहे. दिवसअखेर सगळ्यांचं मिळून एक बिल फाडलं की चालतं. दुकानदाराच्या दृष्टीनं हे योग्यच आहे, एका वडीसाठी कुणी पावती छापत बसणार नाही. पण २०० च्या आत कोण खरेदी करतं? ज्याच्या हातात रोजचे रोज पैसे येतात तो. महिन्याचं सामान एकदम भरणाऱ्या माझ्यासारखीच्या हाती हातभर लांबीची पावती येते, तळाशी सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा वाटा. पावशेर तेल आणि दहाचा चहा नेणारीला फक्त सुटे पैसे परत मिळतात.

तर मावशींचा महिना मांडून पाहू. रकमा त्यांना विचारून घेतलेल्या, मी गोल केलेल्या. दर २२ सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतरचे. भाजी, सुटे तांदूळ, सुटे गहू, दूध यांवर कर नाही, ते सोडून देऊ. (तेच तांदूळ २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, छापील पिशवीतून घेतले की ५ टक्के लागतात. २०२२ च्या जुलैपासूनचा हा नियम. मावशी सुटे घेतात, त्यामुळे सुटल्या.) गॅसचा सिलिंडर ९०० चा धरला, त्यात ४२ रुपये ८६ पैसे. गोडं तेल ३०० चं, १४ रुपये २९ पैसे. चहा-साखर ३५० ची, १६ रुपये ६७ पैसे. अंगाचा साबण, टूथपेस्ट, खोबरेल मिळून ४०० चं, १९ रुपये ५ पैसे. हे सगळं आता ५ टक्क्यांत आहे. कपडे धुण्याची पावडर मात्र १८ टक्क्यांतच राहिली. अंगाचा मळ स्वस्तात निघतो, कपड्यांचा निघत नाही. तिचे २५० धरले तर ३८ रुपये १४ पैसे. मुलांची बिस्किटं आणि फरसाण २०० चं, ९ रुपये ५२ पैसे. आणि तो रिचार्ज. बेरीज २,६९९ रुपये, त्यात कर १८६ रुपये १४ पैसे. वर्षाला २,२०० च्या वर. यात चपला नाहीत, दिवाळीचे कपडे नाहीत, थोरल्याच्या मोबाइलचा हप्ता नाही.

लाडक्या बहिणीच्या १,५०० चंही असंच पाहता येईल. सगळे ५ टक्क्यांच्या वस्तूंवर खर्च केले तर ७१ रुपये ४३ पैसे सरकारजमा, सगळे १८ टक्क्यांच्या वस्तूंवर गेले तर २२८ रुपये ८१ पैसे. ही योजना चांगली की वाईट, तिजोरीला झेपणारी की नाही, हा वाद वेगळा आहे आणि त्यात माझं मत ग्रुपवरच्या काही जणांच्या जवळ जाणारंही असेल. पण तो वाद ‘देणारे आम्ही, घेणारे तुम्ही’ या पायावर उभा करता येत नाही. २०२४-२५ या वर्षात जीएसटीची देशभरातली ढोबळ वसुली २२.०८ लाख कोटी रुपये झाली. एवढी रक्कम नुसत्या फॉर्म १६ वाल्यांच्या खिशातून निघत नाही. शिवाय साबणाची वडी गिऱ्हाइकाचा पगार विचारत नाही. महिन्याला १२,००० मिळवणारीला १८६ जाणवतात, दीड लाखवाल्याला १,८६० सुद्धा जाणवत नाहीत.

इथे माझ्याच हिशोबातली एक फट दाखवली पाहिजे, नाहीतर एखादा सीए दाखवेल. कोपऱ्यावरचा किराणावाला बहुधा कंपोझिशन योजनेत असतो. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीवर सरसकट १ टक्का भरतो आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायला त्याला बंदी असते. त्याहून लहान, म्हणजे मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेला, नोंदणीच करत नाही. अशा दुकानात दुकानदाराच्या नफ्यावर पूर्ण दरानं कर लागलेला नसतो, त्यामुळे वस्तूत मुरलेला खरा कर एक एकविसांशापेक्षा थोडा कमी भरतो. मावशींचे १८६ कदाचित १७० असतील. मला त्यानं फरक पडत नाही. आकडा शून्य नाही, एवढं मला पुरे आहे.

आता, हा कर कुणी कट रचून दडवलेला नाही, हेही सांगायला हवं. उलट तो ग्राहकाच्या भल्यासाठीच आत ढकलला गेला. माझ्या लहानपणी पुड्यांवर किंमत असायची आणि पुढे बारीक अक्षरांत ‘स्थानिक कर वेगळे’. ते स्थानिक कर किती, हे फक्त दुकानदाराला ठाऊक. त्यात विक्रीकर, त्यात जकात, त्यात दुकानदाराची त्या दिवशीची मर्जी. एकाच पेठेतल्या दोन दुकानांत एकाच टूथपेस्टचे दोन भाव. १९९० च्या सुमारास नियम बदलला आणि सर्व करांसह कमाल किंमत छापणं बंधनकारक झालं. आज आपण ‘एमआरपी’ म्हणतो ती ही. जगात फार थोड्या ठिकाणी ग्राहकाच्या हातात असं हत्यार आहे. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाचीला अजून सवय झालेली नाही. मांडणीवर दहा डॉलर वाचायचं आणि गल्ल्यावर त्याहून जास्त मोजायचे, वर प्रत्येक राज्यात दर निराळा. मला ते नको आहे. कर बाहेर काढा असं मी म्हणतच नाही. आत ठेवा, पण त्याचं नाव आणि वजन लिहा.

विक्रीकर मुळात इतका मुका नव्हता. त्याची या देशातली सुरुवातच मोठ्या भांडणातून झाली आणि ते भांडण आपल्या नागपूरचं आहे. १९३८ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारनं पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. दिल्लीचं म्हणणं पडलं की हा विक्रीकर नव्हे, हे उत्पादन शुल्क आहे आणि ते फक्त केंद्राचं. प्रकरण नव्यानंच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टात गेलं आणि सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टानं प्रांताच्या बाजूनं कौल दिला. तिथून प्रांतांना विक्रीकराची वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी मद्रासनं सर्वसाधारण विक्रीकर आणला, १९४६ मध्ये मुंबई प्रांतानं. मग १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा, २००५ च्या एप्रिलपासून व्हॅट, २०१७ च्या जुलैपासून जीएसटी. मुलुंड-दहिसरचे जकात नाके त्याच दिवशी गप्प झाले. मजा अशी की ज्या पेट्रोलपासून हे सगळं सुरू झालं ते अजून जीएसटीत आलेलंच नाही. पंपावरच्या चिठ्ठीवर लिटर असतात आणि दर असतो. त्यातलं केंद्राचं किती, राज्याचं किती, ते कुठेच नसतं. देशातला सर्वांत जुना विक्रीकर आजही सर्वांत कमी दिसतो.

न दिसणाऱ्या कराचा फायदा कोण घेतं, ते मी मागच्या पावसाळ्यात पाहिलं. गीझर घ्यायला एका इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले होते. दुकानदार गोड बोलणारा. “ताई, बिल हवं का? बिलाशिवाय ४,२००, बिलासकट ४,९५६.” म्हणजे १८ टक्के बिलाच्या कागदाचे. जणू कर कागदावर बसतो, गीझरवर नाही. खोक्यावर सर्व करांसह एमआरपी छापलेली होती, ५,४९०. मी ती दाखवली तर तो म्हणाला, “त्याच्याखालीच देतोय ना.” खरंच देत होता. पण बिल न घेणाऱ्याला आपण कर वाचवला असं वाटतं आणि प्रत्यक्षात हातून जाते ती वॉरंटी. मी बिल घेतलं. घरी आल्यावर नवऱ्यानं ‘७५६ घालवलेस’ असं ऐकवलं, ते अजून अधूनमधून ऐकवतो. ‘पक्कं बिल’ आणि ‘कच्चं बिल’ हे शब्द आपण किती सहज वापरतो! कर हा वस्तूचा भाग आहे हे खोक्यावरच रुपयांत लिहिलेलं असतं, तर ‘बिलावर टॅक्स लागेल’ हे वाक्य उच्चारणं त्याला इतकं सोपं गेलं नसतं.

याची उलटी तऱ्हाही आहे. सेलमध्ये एमआरपीवर ४० टक्के सूट आणि गल्ल्यावर सूट वजा केलेल्या किमतीवर पुन्हा कर. एमआरपीत कर आधीच असताना दुसऱ्यांदा कसला? राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०१७ च्या जानेवारीतच, म्हणजे व्हॅटच्या काळात, हा प्रकार अनुचित ठरवला होता. तरी पावती बारकाईनं न वाचणाऱ्यांकडून तो वसूल होत राहतो. कंपोझिशनमधलं हॉटेल, ज्याला कर घ्यायची परवानगीच नाही, ते बिलाखाली ५ टक्के लावून मोकळं होतं. बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक आहे का, महाराष्ट्रात तो २७ नं आणि गोव्यात ३० नं सुरू होतो का, एवढं पाहिलं तरी निदान नोंदणी नसताना कर घेणारा उघडा पडतो. क्रमांकच नसेल तर कर मागण्याचा हक्कही नाही.

दर ठरवणाऱ्यांचीही गंमत यातून बाहेर येते. शिवलेल्या कपड्यावर २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यापुढे १८. कराआधी २,५०० चा शर्ट हातात पडतो २,६२५ ला, आणि २,५०१ चा पडतो २,९५१ ला. एका रुपयासाठी ३२६ रुपये. आता करासह २,७९९ ची चिठ्ठी लावलेला शर्ट घ्या. १८ टक्के धरले तर मूळ किंमत येते २,३७२, म्हणजे दर ५ टक्के हवा. ५ टक्के धरले तर मूळ किंमत २,६६६, म्हणजे दर १८ हवा. त्या शर्टाला कुठल्याच दरात जागा नाही! चिठ्ठीवर कर लिहावा लागला असता तर ही अडचण शर्ट शिवायच्या आधी लक्षात आली असती, निदान दुकानात मांडायच्या आधी तरी.

आणि सप्टेंबर २०२५. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढले, बहुतेक वस्तू ५ आणि १८ मध्ये आल्या, बिस्किटं १८ वरून ५ वर उतरली. निर्णय चांगला होता. पण उतरलेला कर गिऱ्हाइकापर्यंत पोचला का, हे गिऱ्हाइकानं तपासायचं कसं? ५ रुपयांच्या पुड्याची किंमत हिशोबानं ४ रुपये ४५ पैसे व्हायला हवी. ५५ पैसे सुटे कोण देणार, म्हणून अनेकांनी किंमत ५ च ठेवून वजन वाढवलं. तेही चालेल, पण किती वाढायला हवं होतं? जुन्या पुड्यावर कराचा आकडाच नव्हता, तेव्हा ताडून पाहायला काही नव्हतं. दुकानात पडून असलेल्या जुन्या मालावर नव्या किमतीची चिठ्ठी चिकटवणं सरकारनं ऐच्छिक ठेवलं. कर घटूनही भाव न उतरवणाऱ्याविरुद्ध दाद मागायची तरतूद जीएसटी कायद्याच्या कलम १७१ मध्ये होती, पण १ एप्रिल २०२५ पासून त्याखाली नव्या तक्रारी घेणं थांबलेलं. म्हणजे जीएसटीतली सर्वांत मोठी करकपात झाली तेव्हा ती तपासणारी खिडकी सहा महिने आधीच बंद झाली होती. उरला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, आणि तिथे फोन करणाऱ्याकडेही आधी आकडा हवा.

माझ्या मित्राच्या ‘छापून करणार काय’ला हे माझं पहिलं उत्तर. त्याचे बाकीचे आक्षेप मात्र पोरकट नव्हते. एक, दुकानदार एमआरपीच्या खाली विकतो, मग पुड्यावर छापलेला कर खोटा ठरेल. ठरेल, पण एमआरपी तरी कुठे खरी विक्री किंमत असते? ती कमाल किंमत आहे. कमाल किंमत छापता येते तर ‘यात कर जास्तीत जास्त इतका’ हेही छापता येईल. दोन, दर बदलला की छपाई बदलावी लागेल. दर बदलला की एमआरपीही बदलावीच लागते. तीन, आणि हा सर्वांत बोचरा: लोकांना कर डोळ्यांनी दिसू लागला तर ते तो चुकवायला बघतील, आज न मागणारेही ‘बिलाशिवाय द्या’ म्हणतील. काही जण म्हणतील. मला ही भीती खरी वाटते. पण लोकांना कळलं तर ते देणार नाहीत, म्हणून कळू देऊ नका, हा युक्तिवाद करणाऱ्यानं निदान त्यांना ‘तुम्ही कुठं टॅक्स भरता’ असं हिणवू तरी नये. दोन्ही एकदम कसं चालेल?

ब्राझीलनं २०१२ मध्ये असाच कायदा केला. तिथे केंद्र, राज्य आणि नगरपालिका असे तीन थरांचे कर, आपल्याहून कितीतरी गुंतागुंतीचे. नेमका आकडा काढणं अशक्यच. म्हणून कायद्यानं अंदाजे आकडा मागितला. ग्राहकाला मिळणाऱ्या पावतीवर, या खरेदीत साधारण इतका कर आहे, एवढी एक ओळ. आपल्याकडे तर सुपरमार्केटचं मशीन ती ओळ आत्ताही छापतं. उरतात पुडे आणि लहान दुकानं. लहान दुकानदाराला मी कामाला लावत नाही. पुडा छापणाऱ्या कंपनीला लावते, जी बारकोडसकट वीस ओळी आधीच छापते आहे. पंपाच्या चिठ्ठीवर एक ओळ. रिचार्जच्या मेसेजमध्ये एक ओळ. सिलिंडरच्या पावतीवर असते तशी, पण मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात.

त्या दिवशी मी मावशींचा रिचार्ज मारला आणि कागदावर हिशोब करून दाखवला, २९९ गुणिले १८ भागिले ११८. त्यांनी कागद नीट पाहिला. “पंचेचाळीस? दर महिन्याला?” हो म्हटलं. थोडा वेळ नळ सोडून भांडी विसळत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्याची पावती मिळते का?”

मेसेज आला होता. त्यात लिहिलं होतं, २९९ रुपयांचा रिचार्ज यशस्वी.